डॅमसेल सगळ्यात शेवटी: घरच्या रीफ टाकीसाठी मासा निवडताना

कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटात मरीन माशांच्या टाक्यांपुढे उभं राहिलं की नजर आधी त्या निळ्या माशावर जाते. बोटभर लांब, ट्यूबलाइटखाली झगझगणारा, शेपटी पिवळीधम्मक, आणि भाव बाकी सगळ्यांपेक्षा कमी. दुकानदारही सांगतो, "हा घ्या, हा मरत नाही." खरंच आहे, सहजासहजी मरत नाही. बरोबरच्यांना मारतो, हे मात्र काउंटरवर कोणी सांगत नाही.

हा निळा मासा म्हणजे डॅमसेल, पण डॅमसेल हा एकच मासा नव्हे. पोमासेंट्रिडी या कुळातल्या चारशेहून जास्त जातींपैकी बहुतेकांना बाजारात याच नावाने हाक मारतात. सगळ्यांचा लाडका क्लाऊनफिशही याच कुळातला. यातल्या बहुतेक जातींत मादी घासूनपुसून साफ केलेल्या खडकावर अंडी चिकटवते आणि नर ती राखतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत परांनी वारा घातल्यासारखं पाणी घालत राहतो आणि जवळ येईल त्याला हुसकतो, मग तो त्याच्या दहापट का असेना. काही जाती तर खडकावर शेवाळाची शेतीच राखतात, नको ते शेवाळ तोंडाने उपटून बांधाबाहेर टाकतात. समुद्रात मार खाल्लेला मासा वीस फूट लांब जातो आणि भांडण मिटतं. तीन फुटी टाकीत तो पळून पळून जाणार कुठे? समोरच्या कोपऱ्यात, आणि तो कोपराही त्याच डॅमसेलच्या हद्दीत.

म्हणून रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ आणि मासे एकत्र असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, दोनच गोष्टींना वजन द्यायचं: मोठेपणी हा मासा कसा वागतो, आणि टाकीत तो कितव्या नंबरवर जातो. रंग आणि भाव त्यानंतर.

जुन्या पद्धतीत नवी टाकी सुरू करायला दोन-तीन डॅमसेल सोडत, त्यांच्या विष्ठेतून अमोनिया तयार व्हावा आणि तो पचवणारे बॅक्टेरिया वाढावेत म्हणून. ते आजही सुचवलं जातं, आणि ते ऐकू नये. एक तर मासा सहा आठवडे स्वतःच्या अमोनियात कल्ले भाजून घेतो. वाचलाच तर टाकीचा प्रत्येक दगड त्याच्या नावावर झालेला असतो. पुढे येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर.

आधी टाकी

हिशेबासाठी मुंबईतल्या घरात बसणारी साधारण टाकी धरू: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वरपर्यंत भरली तर १९० लिटर, दगड-वाळू घालून प्रत्यक्षात १५०-१६०. काच, पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप (फिल्टरची टाकी) धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. जुन्या इमारतीत हे वजन खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर टेकलेल्या भिंतीलगत ठेवावं. चाळीतल्या लाकडी पाटणीवर ठेवूच नये.

पाणी. पालिकेचं नळाचं पाणी तलावांचं असल्यामुळे क्षार कमी असतात, पण क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात गढूळपणा. सोसायटीने टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलं की टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, एकदम चढतो. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मीटर ५०-८० दाखवतो, आणि ते सगळं टाकीत शेवाळ बनून दिसतं. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावून मीटरवर ० आलं पाहिजे. गिरगाव, जुहू किंवा वर्सोव्याहून कॅन भरून आणायचा मोह टाळा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल आहे, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता भलतीच खाली येते.

मीठ सिंथेटिक रीफ सॉल्टच. २० लिटरच्या बादलीला ७०० ते ७५० ग्रॅम, पंप लावून रात्रभर फिरवलेलं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या छोट्या यंत्रावर, १.०२५ ते १.०२६ (विशिष्ट घनता). रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर जुळवताना आरओ पाणी वापरतात, ते ठीक. पण ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवलं तर आकडा जास्त भरवशाचा.

तापमान २५ ते २७ अंश. मुंबईत खरी झुंज इथेच. मे महिन्यात बंद खोलीतली टाकी ३१-३२ वर जाते. डॅमसेल तेवढं काही दिवस काढतो, प्रवाळ काढत नाही. पृष्ठभागावर फुंकणारा पंखा उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरवतो, पण तो बाष्पीभवनावर चालतो. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा पंखा नुसता फिरतो. म्हणून रीफसाठी चिलर हवा, आणि तो बंद कपाटात कोंडायचा नाही, नाहीतर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. पंख्याने रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. त्याची भरपाई गोड्या आरओ पाण्याने करायची. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी भरत राहिलात तर क्षारता चढतच जाते.

बॅक्टेरियांसाठी अमोनियम क्लोराइड घालून २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया करा. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसायला लागलं की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बाटलीबंद बॅक्टेरिया घातले तर कमी.

दगड घेताना एक खबरदारी. भारतीय समुद्रातले सगळे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला मेलेला प्रवाळही त्यात आला. "लक्षद्वीपचा लाइव्ह रॉक" म्हणून कोणी पिशवीतून काही काढून दाखवलं तर हात लावू नका. कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचा रीफ दगड मिळतो. तो आरओ पाण्यात भिजवून, पीएच स्थिर होईपर्यंत पाणी बदलून वापरता येतो. दगड रचताना डॅमसेलचा विचार आत्ताच करायचा: एक सलग भिंत नको, दोन-तीन वेगळी बेटं हवीत. एका बेटावरून दुसरं दिसू नये. आरपार जाणारी भोकं ठेवा, कारण एकच तोंड असलेल्या गुहेत पळणारा मासा अडकतो आणि तिथेच मार खातो.

कोणता घ्यायचा

दुकानातलं नाव धरून चालू नका. "ब्ल्यू डॅमसेल" म्हणून किमान चार वेगळे मासे विकले जातात आणि त्यांचे स्वभाव जमीन-अस्मानाइतके वेगळे.

पहिली पसंती पिवळ्या शेपटीचा, क्रिसिप्टेरा पॅरासेमा. जास्तीत जास्त ७ सेंटिमीटर, टाकीत बहुधा पाच-सहावरच थांबतो. पिवळा रंग फक्त शेपटी आणि शेपटीच्या देठावर. त्याच्यासारखाच दिसणारा क्रिसिप्टेरा हेमिसायनिया असतो, त्याचा पिवळा रंग पोटाखालून पुढे सरकलेला. तोही चालतो, स्वभाव जवळपास तोच. पॅरासेमा ७५-८० लिटरमध्ये एकटा राहू शकतो. आपल्या तीन फुटीत एक ठेवा, नाहीतर एकदम तीन ते पाच. दोन कधीच नकोत. दोघांत एक दादा होतो आणि सगळा मार दुसऱ्याच्या वाट्याला येतो. पाच जणांत तोच मार वाटला जातो.

मिळाले तर टॅलबॉट्स डॅमसेल आणि स्प्रिंगर्स डॅमसेल डोळे झाकून घ्या. दोघंही सहा सेंटिमीटरच्या आत, आणि कुळाच्या मानाने गरीब. टॅलबॉट्सचं डोकं पिवळं, अंग फिकट जांभळं, पाठीवर काळा ठिपका. फोटोत तो फिका वाटतो म्हणून लोक सोडून देतात. निळ्या दिव्याखाली तोच मासा पाहा.

ब्ल्यू डेव्हिल, म्हणजे क्रिसिप्टेरा सायनिया, हा खरा गोंधळ घालणारा. पूर्ण निळा, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, काही भागांतल्या नरांची शेपटी नारिंगी, मादीच्या पाठीवरच्या पराच्या शेवटी काळा ठिपका. आठ सेंटिमीटरच होतो, पण नाव उगीच पडलेलं नाही. तीन फुटीत घ्यायचाच असेल तर एकटा, आणि बरोबर फायरफिश, छोटे गोबी, कार्डिनल असले भिडस्त मासे असतील तर तोही नको. दुकानात पॅरासेमा आणि सायनिया एकाच टाकीत मिसळलेले असतात. शेपटीचा पिवळा कुठे संपतो ते बोटाने दाखवून, "हाच" म्हणून सांगा.

क्रोमिस, क्रोमिस विरिडिस, फिका हिरवा-निळा, थव्याने फिरणारा. लोक सात घेतात. मनात रीफवरचा थवा असतो. वर्षभरात बहुतेक टाक्यांत दोन-तीन उरतात. त्याचं एक कारण म्हणजे थव्यातली उतरंड. सगळ्यात खालचा रोज टोचा खातो, खाणं सोडतो, मरतो, मग त्याच्या वरचा खालचा होतो. दुसरं कारण युरोनेमा. हा परजीवी आयात झालेल्या क्रोमिसमध्ये इतका सर्रास आढळतो की अंगावर बरगडीच्या बाजूला लालसर डाग दिसला तर तो मासा नव्हे, ती अख्खी दुकान-टाकी सोडून द्यायची. क्रोमिस घेणार असाल तर चार फुटी टाकी, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं खाणं, आणि पिल्लांचा गट एकाच वेळी.

आता नको त्यांच्याबद्दल. डॉमिनो, डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस, छोटा असताना मखमली काळा, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. मुलं त्याच्यासाठीच हट्ट धरतात. मोठा होतो तेव्हा तळहाताएवढा, ठिपके विरलेले, करडा, आणि काच साफ करायला हात घातला तर हाताला चावणारा. तीन आणि चार पट्ट्यांचे हंबग, म्हणजे डॅसिलस अरुआनस आणि डॅसिलस मेलान्युरस, आकाराने लहान पण तालेवार. त्यांना साजेशी दंगेखोर टाकी असेल तरच.

सगळ्यात फसवा मासा ब्ल्यू व्हेलवेट, निओग्लिफिडोडॉन ऑक्सिओडॉन. काळ्या मखमलीवर निऑनच्या रेघा, मध्ये पिवळी पट्टी. वर्ष-दीड वर्षात रेघा जातात आणि उरतो पंधरा सेंटिमीटरचा तपकिरी गुंड. त्याचा भाऊ निओग्लिफिडोडॉन मेलास लहानपणी पिवळा-निळा-पांढरा, मोठेपणी पूर्ण काळा, आणि मऊ प्रवाळ खातो. बाकी बहुतेक डॅमसेल प्रवाळाला हात लावत नाहीत, हा अपवाद लक्षात ठेवा. सार्जंट मेजर, अबुडेफ्डफ, वीस सेंटिमीटरपर्यंत जातो. घरच्या टाकीत त्याला जागाच नाही.

शक्य असेल तिथे हॅचरीत वाढवलेला मासा मागा. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशबरोबर अनेक डॅमसेलचं प्रजनन जमवलं आहे. हॅचरीचा मासा पेलेट पहिल्या दिवसापासून खातो आणि समुद्रातले परजीवी बरोबर आणत नाही. स्वभाव मात्र तोच असतो.

दुकानात दहा मिनिटं

स्टॉक आल्याच्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात जगलेला मासा घ्या. संध्याकाळी गर्दीत न जाता दुपारी जा, म्हणजे दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

टाकीपासून तीन फूट मागे उभे राहा. काचेला नाक लावलंत की सगळे मासे लपतात किंवा खाणं येईल म्हणून पुढे येतात, दोन्ही खोटं. दोन मिनिटांनी मासे तुम्हाला विसरतात, मग बघा. डॅमसेलचा निळा हा रंगद्रव्याचा नसून त्वचेतल्या बारीक स्फटिकांच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि मासा तो बदलू शकतो. घाबरलेला ब्ल्यू डेव्हिल क्षणात जवळपास काळा पडतो. पाच-दहा मिनिटांत निळा परत आला तर काळजी नाही. सगळा वेळ काळवंडून कोपऱ्यात चिकटलेला मासा सोडा.

मग श्वास मोजा. मोबाइलवर पंधरा सेकंद लावून कल्ल्याची झाकणं किती वेळा उघडतात ते बघा, आणि त्याच टाकीतल्या दुसऱ्या दोघांशी ताडून पाहा. एकटाच धापा टाकत असेल तर कल्ल्यात काहीतरी आहे. एखादा पंपाच्या धारेत तोंड देऊन सतत उभा असेल तर वेलवेटचा संशय घ्या. दोन-तीन दिवसांत पूर्ण टाकी संपवणारा रोग आहे तो. अंगावर मिठाचे दाणे, पिठासारखी धूळ, दगडाला अंग घासणं, मिटलेले पर, धुरकट डोळा, डोक्यामागे खपाटीला गेलेली पाठ, यातलं काहीही दिसलं तरी नको. त्याच पाण्यात मेलेला मासा असेल तर शेजारचा धडधाकटही नको.

शेवटी दुकानदाराला खाणं टाकायला सांगा. धावत येऊन गिळतो तो घ्या. तोंडात घेऊन थुंकतो तो नको. आणि सगळ्यांना पळवून लावत पहिला घास घेणारा जो असतो ना, तो दिसतो सगळ्यात देखणा, पण तोच त्या टाकीतला दादा. मधल्या फळीतला, अंगाने लहान, पण खाणारा मासा निवडा.

निघण्याआधी एक प्रश्न विचाराच: टाकीची क्षारता किती? पुष्कळ दुकानं मीठ वाचवायला आणि परजीवी दाबायला १.०१८ ते १.०२० ठेवतात. आकडा सांगता आला नाही तर पिशवीतल्या पाण्याचा थेंब घरी स्वतः मोजायचा.

घरी आणताना

दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि थर्माकोलचा डबा. मे महिन्यात दुपारी रिक्षात मांडीवर पिशवी घेऊन अंधेरी गाठायची म्हणजे पाणी तापलंच. सकाळी किंवा रात्री आणा. लोकलने येणार असाल तर विरार फास्ट पकडायची हौस टाळा.

डॅमसेल सर्वांत जास्त मरतात ते इथे. आणि दोष जातो माशाला. क्षारता खाली नेलेली मासा झेपवतो, एकदम वर नेलेली झेपवत नाही. शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जातं, मासा दोन दिवस बरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तळाला पडतो. तेव्हा विलगीकरणाच्या टाकीची (तिच्याबद्दल पुढे) क्षारता पिशवीच्या पाण्याइतकी आधीच करून ठेवा. १.०१९ चा मासा १.०१९ मध्येच सोडायचा आणि मग रोज जास्तीत जास्त ०.००२ ने चढवत १.०२५ वर न्यायचा. किमान तीन दिवसांचं काम आहे.

पिशवी बंद तशीच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळेल. उघडल्यावर मात्र वेळ काढू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अर्ध्या तासाच्या अंतरावरून आणलेल्या माशाला हा धोका फारसा नाही, पण चेन्नईहून चोवीस तास पिशवीत आलेल्याला तासभर थेंब-थेंब पाणी देत बसणं म्हणजे त्याला त्या विषात मुरवणं. क्षारता जुळलेली असली तर लगेच ओंजळीने किंवा डब्याने उचलून सोडा. पिशवीचं पाणी मोरीत.

चार ते सहा आठवडे वेगळं

२×१×१ फुटी साधी काचेची टाकी, साधारण ५५ लिटर. त्यात मुख्य टाकीच्या संपमध्ये महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर, झाकण. वाळू नको, दगड नको, औषध शोषतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो, माशागणिक एक आणि वर एक जास्त. तीन डॅमसेल एकत्र ठेवले आणि एल्बो दोनच असतील तर तिसरा रात्रभर हीटरमागे उभा राहतो.

पहिले दोन-तीन दिवस फक्त खाणं आणि निरीक्षण. खायला लागला की पुढचं. मिठाचे दाणे, धूळ दिसली किंवा दुकान बेभरवशाचं असेल तर कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. चिलेटेड कॉपर असेल तर तीन-चार दिवसांत हळूहळू २.० ते २.५ पीपीएमवर नेऊन ३० दिवस सलग. आयॉनिक कॉपरची मात्रा वेगळी, ०.५ पीपीएमच्या आसपास, तेव्हा बाटलीवर प्रकार वाचा. मोजल्याशिवाय घालू नका. एक दिवस पातळी उतरली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारं कंडिशनर घालायचं नाही. तांब्याशी मिळून ते माशालाच मारतं. अमोनिया चढला तर त्याच मात्रेचं कॉपर घातलेलं ताजं खारं पाणी बदला. कॉपर युरोनेमावर चालत नाही, क्रोमिसच्या लाल डागाला त्याचा उपयोग नाही.

या टाकीची जाळी, नळी, बादली वेगळी, लाल टेप लावून. रीफ टाकीत तांब्याचा अंश गेला तर कोळंबी, शंख, प्रवाळ सगळं गेलं.

"जागा नाही" ही मुंबईत खरी अडचण आहे. ही टाकी सहा आठवड्यांपुरतीच लागते, वॉशिंग मशीनवरही बसते, मशीन त्या काळात बंद ठेवायची एवढंच. हे टाळून मासा थेट टाकला आणि इक (अंगावर मिठाचे दाणे आणणारा परजीवी) आत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून रीफ टाकी किमान सहा आठवडे, जमलं तर दहा-अकरा, बिनमाशांची ठेवावी लागते. त्यापेक्षा वॉशिंग मशीन परवडली.

आत सोडताना

क्रम असा: आधी भिडस्त, म्हणजे गोबी, फायरफिश, कार्डिनल. तीन-चार आठवड्यांनी ब्लेनी आणि क्लाऊनची जोडी. त्यानंतर रास (wrasse) मासा असेल तर तो. डॅमसेल सगळ्यात शेवटी, आणि गट असेल तर सगळा एकाच दिवशी. यानंतर टाकीत नवा मासा आणायचा नाही असं मनाशी ठरवूनच डॅमसेल सोडा. क्लाऊनची जोडी आधीच जमलेली असेल तर तीही आपला कोपरा सोडत नाही, ते चांगलंच. डॅमसेलला उरलेलं घर मिळतं.

सोडण्याआधी तीन ते पाच दिवस भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात टाकीच्या आतच ठेवा. सगळे एकमेकांना बघतात, पण टोचता येत नाही. डब्याबाहेरून कोणी तासन्‌तास काचेवर आपटत असेल तर पाचाचे आठ दिवस करा. सोडायचं रात्री, दिवे बंद झाल्यावर. सकाळी दिवे लागायच्या आधी दोन-तीन दगड हलवून ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडल्या की सगळेच नवे होतात. बाहेरच्या काचेला चार-पाच दिवस छोटा आरसा चिकटवला तर दादाचं अर्धं लक्ष त्या "दुसऱ्या" दादाकडे जातं. दिवसातून दोन-तीन तास पुरे, सतत ठेवला तर तो स्वतःलाच थकवतो.

खाणं दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच. एक वेळ अर्धा ते एक मिलिमीटरचे पेलेट, एक वेळ गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), आठवड्यातून दोनदा नोरी किंवा स्पिरुलिना. बहुतेक डॅमसेलला शेवाळही लागतं, नुसत्या मांसावर पोट फुगतं. कोळिणीकडचा ताजा जवळा स्वस्त आणि मासे तो आवडीने खातात, पण तो किनाऱ्यालगतचा. गोठवल्याने परजीवी मरतात, बॅक्टेरिया आणि विषाणू नाही. रोजच्यासाठी नको. टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाका, दादा एका टोकालाच असतो.

पहिल्या आठवड्यात पाठलाग होणार. पर फाटले तर भरून येतात. काळजी करायची ती एक मासा पृष्ठभागालगत किंवा पंपामागे उभा राहून खायलाही खाली येत नाही तेव्हा. आणि महिनोन्‌महिने शांत असलेला डॅमसेल अचानक सगळ्यांवर तुटून पडायला लागला तर खडकाची एखादी सपाट बाजू जवळून बघा. घासून पांढरी केलेली दिसेल, त्यावर बारीक अंडी असतील. क्रिसिप्टेराची अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, तेवढे दिवस हात आत घालू नका, ते आपोआप निवळतं.

निवळलं नाहीच, तर मासा बाहेर काढावा लागतो. जाळी घेऊन मागे लागू नका, दगडांची रचना मोडेल आणि मासा हाती लागणार नाही. लिटरभराची पाण्याची बाटली घ्या, लेबल काढा, खांद्याखाली कापा, वरचा भाग बूच काढून उलटा करून आत बसवा. तोंड बोटभर रुंद कापून कडा घासून घ्या. कडेला दोन भोकं पाडून मासेमारीची तंगूस बांधा, आत चार मायसिस आणि वजनाला एक छोटा दगड. माशांना त्या दिवशी सकाळचं खाणं देऊ नका. बाटली डॅमसेलच्या बिळापुढे आडवी ठेवून खोलीतला दिवा बंद करा, टाकीचा चालू ठेवा. हद्दीत आलेली वस्तू तपासायला तो स्वतः येतो, दुसऱ्या कोणाच्याही आधी. आत गेला की बाहेरचं तोंड सापडत नाही. बाटली वर उचलताना तोंडावर तळहात धरा, उडी मारतो.